फुकटा कोण? : वडवणीचा कोयता, मालट्रक आणि नुकसानभरपाईच्या कायद्याचा इतिहास

(थ्रेड)

१.
दसरा सरला की बालाघाटच्या कुशीतील वडवणी तालुक्यात गावे रिकामी होऊ लागतात. बीड–परळी रस्त्याच्या कडेला ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या राहतात. धान्याची पोती, चुलीचे सामान, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, कोंबड्या चढवल्या जातात. त्यांच्यावर माणसे बसतात. लेकरे मध्ये, म्हातारी कडेला धरून. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. कारखान्याच्या फडापर्यंतचा रात्रभराचा प्रवास असतो. वाहनाच्या नोंदणीपुस्तकावर मात्र एकच शब्द असतो : मालवाहू.

२.
आता एक प्रश्न. अशी एक ट्रॉली रात्री उलटते. तिच्याखाली रस्त्याने जाणारा एक दुचाकीस्वार सापडतो आणि ट्रॉलीवर बसलेला एक ऊसतोड मजूरही मरतो. वाहन तेच, चालक तोच, निष्काळजीपणा तोच, विम्याचा कागदही तोच. दुचाकीस्वाराच्या वारसांना विमा कंपनीने पैसे द्यावेत, असे कायदा सांगतो. मजुराच्या वारसांना मात्र न्यायाधिकरणात पहिले वाक्य ऐकावे लागते : मृत व्यक्ती मालवाहू वाहनातील विनामोबदला प्रवासी होती, सबब विमा कंपनीची जबाबदारी नाही. साध्या मराठीत, तो फुकटा होता.

३.
हा थ्रेड त्या एका शब्दाविरुद्ध आहे. ऊसतोड मजूर फुकटा नाही, कधीच नव्हता. त्याला फुकटा ठरवणे ही कायद्याची अपरिहार्यता नसून इतिहासात एका विशिष्ट वळणावर झालेली चूक आहे. त्या वळणाच्या आधी कायद्याला हा मजूर दिसत होता. तो दिसेनासा कसा झाला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

४.
१८०८, इंग्लंड. घोडागाडी उलटून एका माणसाची पत्नी जखमी झाली आणि महिनाभराने मरण पावली. पतीने गाडीमालकावर दावा लावला. न्यायमूर्ती एलनबरो यांनी सांगितले की दिवाणी न्यायालयात माणसाचा मृत्यू ही भरपाईची बाब होऊ शकत नाही; पत्नी जिवंत होती तोवरच्या काळापुरतीच भरपाई मिळेल. ‘बेकर विरुद्ध बोल्टन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या निकालाचा व्यावहारिक अर्थ भयंकर होता. जखमी केले तर पैसे द्यावे लागत, ठार केले तर नाही.

५.
२४ डिसेंबर १८४१. नाताळसाठी गावी निघालेले मजूर लंडनहून ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या पहाटेच्या गाडीत बसले. त्यांत बरेचसे नव्या संसदभवनाच्या बांधकामावरचे पाथरवट होते. गाडी मुळात मालगाडी. तिसऱ्या वर्गाचे दोन उघडे डबे इंजिन आणि जड मालडबे यांच्या मध्ये जोडलेले. रेडिंगजवळ सॉनिंगच्या खिंडीत दरड कोसळली होती. इंजिन त्यात घुसले, मागचे मालडबे पुढे आदळले. आठ जण जागीच गेले, नववा नंतर रुग्णालयात.

६.
वर्णन ओळखीचे वाटते का? मालाबरोबर उघड्यावर नेलेले, सणासाठी घरी निघालेले मजूर. फरक पुढे आहे. चौकशीच्या ज्यूरीने इंजिन आणि डब्यांवर एक हजार पौंडांचा ‘डिओडँड’ लावला. मृत्यूला कारण ठरलेली वस्तू देवाची, म्हणजे राजाची, अशी ती मध्ययुगीन प्रथा होती. १८४४ मध्ये रेल्वे नियमन कायदा आला : तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला बसायला जागा आणि ऊन-पावसापासून आडोसा असलेली, मैलाला एक पेनी दराची, दिवसातून किमान एक गाडी सक्तीची झाली. १८४६ मध्ये डिओडँड संपला आणि मृताच्या वारसांना दाव्याचा हक्क देणारा कायदा झाला.

७.
हे सारे इंग्रजांच्या दयाळूपणामुळे घडले, असे मानण्याचे कारण नाही. रेल्वेने मरण सार्वजनिक केले, वृत्तपत्रांनी ते छापले, ज्यूरींनी कंपन्यांना झोंबेल असा दंड लावला. म्हणून ते घडले. मुंबई–ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १८५५ च्या तेराव्या कायद्याने हिंदुस्थानातही मृताची पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुले यांना निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागता येऊ लागली. वडवणीच्या विधवेच्या आजच्या हक्काचा पहिला धागा इथे सापडतो.

८.
१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आणखी पुढे गेला. कामामुळे व काम चालू असताना अपघात झाला, तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही. त्यातील बारावे कलम तर आज फलकावर लिहून कारखान्यांच्या फाटकावर लावण्याजोगे आहे. धंद्याच्या मालकाने आपले नेहमीचे काम कंत्राटदाराकरवी करून घेतले, तरी कंत्राटदाराच्या कामगाराला भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर येते. मालकाने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. ‘तो आमचा माणूस नाही, मुकादमाचा आहे’ या सबबीवर हे शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले उत्तर आहे.

९.
मोटारींबाबत १९१४ चा कायदा विम्याविषयी गप्प होता. ब्रिटनने १९३० मध्ये त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा केला. आपल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तीच रचना घेतली. सक्तीचा भाग १ जुलै १९४६ पासून लागू झाला. त्यात प्रवाशांना सक्तीच्या विम्यातून वगळले होते, पण दोन अपवाद ठेवून. भाड्याने नेलेले प्रवासी, आणि नोकरीच्या करारामुळे किंवा त्या कराराच्या पूर्ततेसाठी वाहनातून नेले जाणारे लोक. हा दुसरा अपवाद नीट लक्षात ठेवावा. मालट्रकवर बसलेल्या मजुरासाठी कायद्याने उघडे ठेवलेले दार ते होते.

१०.
ते दार किती रुंद होते? १९३७ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर ‘इझार्ड’ खटला आला. मजूर एका बांधकाम व्यावसायिकाचा, लॉरी दुसऱ्याची. लॉरीतून घरी जाताना मजूर मेला. विमा कंपनीचे म्हणणे असे की नोकरीचा करार लॉरीमालकाशी नव्हता, म्हणून आम्ही मोकळे. लॉर्ड्सनी ते नाकारले. करार विमाधारकाशीच हवा, असे कायद्यात लिहिलेले नाही. माणूस कामाच्या वा व्यवहाराच्या पुरेशा कारणाने वाहनात असेल तर तो संरक्षित आहे. फडाकडे निघालेल्या कोयत्याला हा निकष जसाच्या तसा लागू पडतो.

११.
वडवणीचा परिसर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात आले आणि १९५१ च्या कायद्याने मोटार वाहन कायद्यासह अनेक केंद्रीय कायदे इथे लागू झाले. १९५६ च्या दुरुस्तीने दिवाणी न्यायालयाऐवजी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय झाली. हेतू स्पष्ट होता : गरिबाला दिवाणी दाव्याचे भारी न्यायशुल्क आणि दिरंगाई सोसावी लागू नये.

१२.
त्याच वर्षांत साखरेचा नकाशा बदलत होता. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला. पुढच्या दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखाने उभे राहत गेले. ऊस तिकडे, पाणी तिकडे. तोडणारे हात मात्र बीडच्या कोरडवाहू गावांतले. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुळवली. सहकाराच्या इतिहासात धुराड्यांचे आणि अध्यक्षांचे फोटो भरपूर सापडतात. ज्या वाहनांनी मजूर आणले आणि परत नेले, त्यांचा इतिहास अजून लिहिला जायचा आहे.

१३.
मग १९८८ आले. नव्या मोटार वाहन कायद्यात विम्याचे कलम १४७ झाले आणि ‘नोकरीच्या कराराच्या पूर्ततेसाठी’ हा जुना अपवाद नाहीसा झाला. उरली ती मालवाहू वाहनातून नेल्या जाणाऱ्या कामगाराची मर्यादित तरतूद, तीही १९२३ च्या कायद्याखालील रकमेपुरती. वरवर पाहता प्रवाशांना वगळणारे जुने शब्दच गेले होते, म्हणजे आता सर्वांनाच संरक्षण आहे असे वाटावे. डिसेंबर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सतपाल सिंग’ खटल्यात तसाच अर्थ लावला : मालवाहू वाहनातील प्रवाशांबद्दलही विमा कंपनी जबाबदार.

१४.
हे संरक्षण तीनच वर्षे टिकले. डिसेंबर २००२ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ‘आशा राणी’ खटल्यात तो अर्थ चुकीचा ठरवला. आधार घेतला १९९४ च्या दुरुस्तीचा. त्या दुरुस्तीने मालवाहू वाहनात बसलेल्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला विम्यात आणले होते. त्यांना मुद्दाम आणावे लागले, याचा अर्थ इतर कोणी आत नाहीत, असा तर्क. परिणाम असा की ट्रकमधील टोमॅटोच्या क्रेटबरोबर बसलेला व्यापारी संरक्षित, आणि उसाच्या फडाकडे निघालेली माणसे असंरक्षित.

१५.
मजुराला ‘कामगार’ म्हणून आत आणता आले असते. २०१२ च्या ‘संजीव कुमार सम्राट’ निकालाने ती वाटही अरुंद केली : सक्तीचा विमा फक्त वाहनमालकाच्या स्वतःच्या कामगारांपुरता, वाहन भाड्याने घेणाऱ्याचे मजूर त्यात येत नाहीत. १९३७ मध्ये लॉर्ड्सनी जी सबब फेटाळली होती, तीच पंचाहत्तर वर्षांनी नव्या शब्दरचनेच्या आधारे मान्य झाली. २०१९ च्या दुरुस्तीने तर संदिग्धताच संपवली. मालवाहू वाहनातील विनामोबदला प्रवासी वगळून, असे शब्द थेट कायद्यात आले आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले.

१६.
ज्या देशाकडून हा साचा घेतला, त्या ब्रिटनने काय केले? १९७१ मध्ये स्वतंत्र कायदा करून सर्वच प्रवाशांचा विमा सक्तीचा केला आणि १९३० चा भेद पुसून टाकला. म्हणजे वसाहतवादी साचा मूळ मालकाने टाकून दिला. स्वतंत्र भारताने तो जपला, आणि जपताना त्यातले मजुराच्या उपयोगाचे एकमेव वाक्य गाळले. वसाहतवादाला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी. हा दोष १९८८ ते २०१९ या काळातला, आपल्याच संसदेच्या आणि आपल्याच न्यायालयांच्या अंगणातला आहे.

१७.
आता ‘विनामोबदला’ या शब्दाची परीक्षा. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार करतो, बहुधा वाहनमालकाशी. वाहनमालक मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्याला उचल देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल घेतली की गाडी येईल त्या दिवशी, येईल त्या गाडीत बसणे आले. एसटीने स्वतंत्र जाण्याची मुभा या व्यवहारात नसते. टोळी एकत्र जाते, संसारासकट जाते. हा प्रवास म्हणजे कामाचा पहिला दिवस आहे. त्याचे भाडे मजूर हंगामभर ऊस तोडून फेडतो. याला फुकट म्हणायचे असेल तर मोबदला कशाला म्हणायचा?

१८.
आणि त्याहून गंभीर बाब अशी की अनेकदा वाहनमालक हाच तोडणीचा कंत्राटदार असतो. म्हणजे मजूर त्याचाच कामगार ठरू शकतो आणि २०१२ च्या अरुंद वाटेतूनही आत येऊ शकतो. पण त्यासाठी कागद लागतो. कारखान्याच्या करारात वाहनमालकाची सही असते, मुकादमाच्या वहीत उचलीचा आकडा असतो. मजुराच्या हातात काय असते? अंगठा किंवा सही दिल्याची आठवण. वही मुकादमाकडे, करार कारखान्याकडे, पुराव्याचा भार विधवेवर.

१९.
विमा कंपन्यांची बाजू इथे प्रामाणिकपणे मांडायला हवी. त्या म्हणतात : मालाच्या वाहनाचा हप्ता मालाच्या वाहनासारखा घेतला, माणसांची जोखीम त्यात मोजलेली नाही, शिवाय अशा प्रवाशांना विमा दिला तर बेकायदा वाहतुकीला उत्तेजन मिळेल. पहिला मुद्दा हिशेबाचा आहे. त्रयस्थ पक्षाच्या विम्याचे मूळ दर कंपन्या ठरवत नाहीत, सरकार ठरवते. ऊस वाहतुकीच्या वाहनांना हंगामापुरता माणसामागे वाढीव हप्ता लावणे हा सरकारच्या एका अधिसूचनेचा विषय आहे.

२०.
दुसरा मुद्दा मात्र उलटाच आहे. जोखमीचे पैसे कोणालाच मोजावे लागत नाहीत, म्हणूनच ती वाहतूक स्वस्त पडते. १८४१ नंतर रेल्वे कंपन्यांना उघडे डबे महाग पडू लागले, तेव्हाच डब्यांना छत आले. बेकायदा वाहतुकीची शिक्षा द्यायचीच तर ती वाहन पाठवणाऱ्याला आणि बोलावणाऱ्याला द्यावी. ती मेलेल्या माणसाच्या लेकरांना देणारा न्याय कोणता?

२१.
‘धोका माहीत असूनही बसतात’ असे शहरी शहाणपण सांगते. सॉनिंगच्या पाथरवटांनाही डबे उघडे असल्याचे दिसत होते; दुसरा डबा त्यांना परवडत नव्हता. ‘खोटे दावे फार होतात’ असेही सांगितले जाते. होतात. उत्तर प्रदेशातील बनावट अपघात-दाव्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण बनावट दाव्याला बनावट कागद लागतात, आणि ते करण्याची ऐपत व ओळख लागते. ज्याच्याकडे खरा कागदसुद्धा नाही, त्या मजुराच्या दाव्यावर या संशयाचे ओझे का?

२२.
मुदतीचे पाहा. १९८८ च्या कायद्यात दावा सहा महिन्यांत लावायचा होता, विलंब माफ करण्यालाही मर्यादा होती. ती अट गरिबांना मारक ठरते हे ओळखून १९९४ मध्ये संसदेने मुदतच काढून टाकली. २०१९ मध्ये ती परत आणली, विलंबमाफीशिवाय. सहा महिने म्हणजे साधारण ऊसतोडीचा एक हंगाम! नोव्हेंबरात अपघात झाला तर उरलेली उचल फेडण्यासाठी घरचे फडातच राहतात. एप्रिल-मेमध्ये गावी परततात तोवर मुदत सरत आलेली असते. १९२३ च्या कायद्यात कारखान्यातल्या कामगारासाठी ही मुदत दोन वर्षांची होती.

२३.
या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. अंतरिम आदेश म्हणजे हक्क नव्हे. तरीही दोन गोष्टी प्रत्येक घराला माहीत असाव्यात. एक, दावा अपघाताच्या ठिकाणीच लावावा लागत नाही. वारस जिथे राहतात तिथे, म्हणजे बीड जिल्ह्यातही लावता येतो. दोन, २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला देणे बंधनकारक आहे.

२४.
किती रकमेचा हा प्रश्न आहे? ‘सरला वर्मा’ (२००९) आणि ‘प्रणय सेठी’ (२०१७) या निकालांनी गणित ठरवून दिले. समजा, तीस वर्षांचा मजूर, महिना दहा हजार मिळकत, मागे चार आश्रित. वर्षाचे १,२०,०००, भावी वाढीचे ४० टक्के मिळवून १,६८,०००, स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता १,२६,०००, त्याला वयानुसार १७ ने गुणले की २१,४२,०००. शिवाय अंत्यविधी, सहवास-हानी वगैरेंच्या ठरावीक रकमा. ‘फुकटा’ या शब्दाची किंमत ही अशी सुमारे साडेएकवीस लाख रुपये आहे.

२५.
काही खटल्यांत न्यायालये मधला मार्ग काढतात : विमा कंपनीने आधी द्यावे, मग वाहनमालकाकडून वसूल करावे. २००४ च्या ‘बलजित कौर’ निकालातही तसे झाले. पण हा दिलासा त्या त्या पीठाच्या विवेकावर अवलंबून असतो. तो नाही मिळाला तर विधवेच्या हातात वाहनमालकाविरुद्धचा हुकूमनामा उरतो. आणि कर्जाच्या हप्त्यांवर उभा असलेला एका ट्रॅक्टरचा मालक वीस लाख कुठून देणार? कारखाना मात्र या खटल्यात बहुतेक वेळा प्रतिवादीसुद्धा नसतो.

२६.
मेलेली व्यक्ती स्त्री असेल तर आणखी एक अंधार. कोयता जोडीचा, उचल जोडीची, हिशेब नवऱ्याच्या नावावर. तिची मिळकत किती? कागदावर शून्य. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘कीर्ती’ खटल्यात घरकामाचेही आर्थिक मोल धरायला सांगितले. इथे तर घरकामाच्या जोडीला मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणे आहे. अर्ध्या कोयत्याचे मोल गृहिणीच्या कल्पित उत्पन्नापेक्षाही कमी धरले जाणे, ही गणिताची चूक म्हणून सोडून देता येत नाही.

२७.
एप्रिल २०१८, खंडाळा : टेम्पो उलटून अठरा मजूर ठार. फेब्रुवारी २०२१, यावल तालुक्यातील किनगाव : पपईच्या ट्रकवर बसलेले किमान पंधरा मजूर ठार. ऑगस्ट २०२१, सिंदखेडराजा तालुका : समृद्धी महामार्गाच्या कामाचे लोखंड वाहणाऱ्या टिपरवर बसलेले तेरा मजूर ठार. मोठा अपघात झाला की मदत जाहीर होते, शोक व्यक्त होतो. सानुग्रह अनुदान हे नावच बोलके आहे : अनुग्रहासह दिलेले. अनुग्रहाला अपील नसते. हक्काला असते.

२८.
वाट बंद नाही, हे दाखवणारा निकाल शेजारच्याच जिल्ह्यातून आला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला जाताना रस्त्यात अपघाताने मेला. विमा कंपनी म्हणाली, अपघात कामावर झालाच नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले : घर आणि कामाची जागा यांमधला प्रवास कामाशी जोडलेला असल्याचे दिसत असेल, तर तो कामातलाच अपघात. कुटुंबाने बावीस वर्षे वाट पाहिली.

२९.
हाच तर्क फडाकडे निघालेल्या ट्रकला लावावा. मागणी नवी नाही, जुनीच आहे. १९३९ च्या कायद्यातले नोकरीच्या कराराचे वाक्य परत आणावे, ‘इझार्ड’च्या अर्थासह. १९२३ च्या बाराव्या कलमाचे तत्त्व आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहे. ते वापरून प्रत्येक दाव्यात कारखान्याला प्रतिवादी करावे. गाडी निघण्यापूर्वी टोळीतील प्रत्येकाचे नाव असलेली यादी कारखान्याने ठेवावी आणि तिची प्रत मजुराच्या हाती द्यावी. उसाच्या प्रत्येक खेपेचे वजन पावतीवर येते. माणसांची नावे यायला काय हरकत आहे?

३०.
१८०८ मध्ये न्यायालय म्हणाले होते, मृत्यूची भरपाई नसते. ते वाक्य पुसायला अडतीस वर्षे लागली. ‘आशा राणी’ला २००२ पासून दोन दशके उलटून गेली. यंदाही दसऱ्यानंतर वडवणीच्या रस्त्याकडेला गाड्या लागतील. पोती चढतील, पेट्या चढतील, मग माणसे. पोत्यांचा मालक सोबत बसला तर कायदा त्याला ओळखेल. पोत्यांवर बसलेल्या बाईलाही त्याने ओळखावे, एवढेच मागणे आहे.

(समाप्त)